आठ तिकिटं आणि एक मशीन

"हे मशीन मी तुम्हाला देणार नाही, साहेब," मुळीक म्हणाला.

दुकानदाराच्या तोंडून असलं वाक्य मी जन्मात पहिल्यांदा ऐकत होतो. साताऱ्यात पोवई नाक्याजवळचं ते दुकान. कपडे धुण्याची मशिनं ओळीनं मांडलेली, आणि ओळीच्या शेवटी, खांबाच्या आड, निळ्या झाकणाचं दोन टबांचं एक मशीन. मी त्याच्यावर हात ठेवला मात्र, मुळीकचा चेहरा उतरला.

"का देणार नाही? विकायलाच ठेवलंय ना?"

"ठेवलंय हो. पण..." त्यानं डोळ्यावरचा चष्मा काढून शर्टाला पुसला. चाळिशी उलटलेला, गोड बोलणारा गडी. "त्याला गिऱ्हाईक नाही, साहेब. आता लोकांना एका टबाचं लागतं. बटण दाबलं, काम झालं. या, इकडं या, तुम्हाला चांगला माल दाखवतो."

आणि तो मला पुन्हा ओळीच्या पहिल्या टोकाला, चौदा हजारांच्या मशीनकडं न्यायला लागला. मी जागचा हललो नाही.

मी एसटीत चेकर होतो. सव्वीस वर्षं रस्त्यात गाड्या थांबवून तिकिटं तपासली. गाडीत चढलं की पहिल्या दोन मिनिटांत मला कळायचं कोण फुकट्या आहे ते. ज्याला काही लपवायचं असतं ना, तो तुम्हाला दुसरीकडं बघायला लावतो. खिडकीबाहेर बोट दाखवेल, पोराला चिमटा काढून रडवेल, शेजाऱ्याचं तिकीट पुढं करेल. मुळीक मला दुसरीकडं बघायला लावत होता. म्हटलं, इथं पाणी मुरतंय.

माझी बायको शालन दोन पावलं मागं उभी होती. तिनं निळ्या झाकणाकडं बघून नाक मुरडलं.

"मला पण नाही आवडलं हे. रंग तरी बघा कसला. आणि ह्या टबातनं त्या टबात कपडे कोण काढत बसणार?"

"तू गप्प बस जरा," मी म्हटलं. "ह्याची किंमत काय, मुळीक?"

"सात हजार दोनशे. पण साहेब, मनापासून सांगतो..."

"मनापासून सांगू नका. बिल करा."

मी आठ हजारांच्या आत बसवायचं ठरवून घरनं निघालो होतो. त्यात ते बसत होतं. पण माझा आनंद त्याचा नव्हता. त्या माणसानं खांबाआड दडवलेली वस्तू मी बरोबर हुडकून काढली होती, तो माझा आनंद होता. जास्त नफ्याचा माल गळ्यात मारायला बघत होता लेकाचा!

खरं तर मशीन घ्यायचं माझ्या मनातही नव्हतं. आमची लेक उज्ज्वला बाळंतपणाला आषाढात घरी येणार होती. शालनचा उजवा खांदा वर्षभर धरलेला, हात डोक्याच्या वर जात नव्हता. पण एका संध्याकाळी भाकरी करता करता ती आपणहून म्हणाली होती, "मशीन-बिशीन काही घ्यायचं नाही हं. व्याह्यांकडं आहे म्हणून आपण घ्यायचं का? धुवीन मी दुपटी हातानं. वाळतील तेव्हा वाळतील." ते ऐकून माझ्या डोक्यात किडा वळवळला. व्याह्यांकडं मशीन आहे, आणि आपली लेक इथं ओल्या दुपट्यात पोराला गुंडाळणार, म्हणजे तोंड कुणाचं काळं होणार? माझं! शालनला चार बायकांत सांगायला बरंच, की ह्यांनी काही घेतलं नाही. मी तिथल्या तिथं जाहीर केलं, मशीन घ्यायचंच. ती पुष्कळ नाही नाही म्हणाली. पोवई नाक्याचं दुकान तर मुळीच नको, तिथं महाग असतं म्हणे, असंही म्हणाली.

टेम्पोतनं कोरेगावला परत येताना ती बाहेर तोंड करून बसली होती. पदर तोंडाशी धरलेला आणि खांदे हलत होते. मला वाटलं रडतेय. मनासारखं मशीन मिळालं नाही म्हणून रडतेय. मी म्हटलं, "पुढं कळेल तुला माझं म्हणणं." त्यावर तिनं पदर आणखी घट्ट दाबून धरला.

मशीन मोरीच्या बाहेर बसलं. पहिलं धुणं टाकायच्या आधी मी सगळे खिसे तपासले. ही माझी सवय. माझे खिसे झाले, मग शालनची बाहेर जायची कापडी पिशवी होती, तीही धुवायला टाकलेली. तिच्या आतल्या कप्प्यात रबर लावलेली तिकिटांची जुडी निघाली.

आठ तिकिटं. कोरेगाव-सातारा चार, सातारा-कोरेगाव चार.

आता दुसऱ्या कुणाच्या घरात कुणी याकडं बघितलंही नसतं. पण आमचं घर एसटीचं. कुटुंबाचा पास घरात होता. माझ्या बायकोनं एसटीत तिकीट काढायचं म्हणजे गवळ्यानं बाहेरनं दूध विकत आणायचं. एकदा नाही, आठ वेळा! आणि काढून झाल्यावर जपून ठेवायचं, कारण 'तिकीट कधी टाकू नये' हे मीच तिला लग्नापासून पढवलेलं.

ती स्वयंपाकघरात भांडी लावत होती. मी तिला हाक मारली नाही. चेकरनं आधी विचारायचं नसतं, आधी बघायचं असतं. जुडी मी माझ्या खिशात घातली आणि पिशवी मशीनमध्ये टाकली.

तेव्हा अजून कागदी तिकिटं होती, पंच मारलेली. तिकिटाच्या नंबरावरून ते कुठल्या कंडक्टरनं कुठल्या दिवशी फाडलं ते डेपोत कळायचं. दुसऱ्या दिवशी मी डेपोत जाऊन नंबर बघितले. चारही खेपा एप्रिल महिन्यातल्या. चारही गुरुवारच्या. आणि गुरुवारी माझी ड्यूटी कऱ्हाडच्या रस्त्यावर असायची! म्हणजे साताऱ्याच्या गाडीत मी चढणार नाही हे बघून बाईनं प्रवास केला होता. माझ्या हाताखालच्या पोरांनी पकडलेले सराईतसुद्धा इतका विचार करत नाहीत.

तिकिटं फाडणारा कंडक्टर सपकाळ. मी त्याला कँटीनमध्ये गाठलं.

"वहिनी? हो, आल्या होत्या की," तो चहा ढवळत म्हणाला. "मी म्हटलं पण, वहिनी, पास असताना तिकीट कशाला? तर म्हणाल्या, पास ह्यांच्या कपाटात असतो. मागितला की कुठं, कशाला, कुणाबरोबर, सगळं सांगावं लागतं. त्यापेक्षा तिकीट स्वस्त."

"असं म्हणाली?"

"साहेब, मला काय, मी तिकीट दिलं." त्याच्या लक्षात आलं आपण जास्त बोललो. "प्रत्येक वेळी पोवई नाक्यालाच उतरल्या. एकदा तर हातात रिकामी बादली होती."

"बादली?"

"रिकामी बादली. प्लॅस्टिकची. हिरवी."

हिरवी बादली आमच्या मोरीतली. ती घेऊन माझी बायको साताऱ्याला कशाला गेली असेल? मी रात्रंदिवस डोकं खाजवलं, मला काही कळेना. पण पोवई नाका म्हटल्यावर एक गोष्ट लखकन डोक्यात आली. मशीन घ्यायला गेलो त्या दिवशी शालननं स्टँडवर उतरल्यावर मला विचारलं होतं, "हे पोवई नाक्याचं दुकान कुठल्या अंगाला आलं हो?" आणि ही बाई चार वेळा तिथं उतरली होती!

झालं. माझ्या डोक्यात सगळं जुळलं. ही आणि तो मुळीक, दोघं आतून मिळालेले. न खपणारा, कुणी परत केलेला डबा त्यांनी माझ्या गळ्यात मारला आणि वरनं हिला काही तरी मिळालं. मी घरी येऊन मशीनच्या मागचा नंबर हमीच्या कार्डाशी ताडून बघितला. जुळला. टबात बॅटरी मारून कुठं गंज आहे का बघितलं. नव्हता. झाकण चार वेळा उघडझाप केलं.

"काय बघताय?" शालननं विचारलं.

"काही नाही. आवाज येतोय का बघतोय."

"मी म्हटलंच होतं, नको हे मशीन म्हणून," ती म्हणाली आणि दोरीवरचे कपडे काढायला गेली. एका हातानं काढत होती. उजवा हात पोटाशी धरलेला.

पंधरा दिवस मी तिला ताकास तूर लागू दिली नाही. ती दुपट्यांना शिवण घालायची, जुन्या लुगड्याची लंगोटं फाडायची, आणि मी समोर पेपर धरून तिच्याकडं बघत बसायचो. मशीन मात्र झकास चालत होतं. पिळलेले कपडे असे निघायचे की तासाभरात वाळावेत. त्यानं माझा संशय आणखीच वाढला. म्हटलं, सुरुवातीला चांगलंच चालणार, हमी संपली की दात दाखवणार.

शेवटी एका सुट्टीच्या दिवशी सकाळी मी साताऱ्याला गेलो. दुकानात मुळीक एकटाच होता. मी ती जुडी त्याच्या टेबलावर ठेवली.

"ही माझ्या बायकोची तिकिटं. चार वेळा ती इथं आली होती. आता खरं सांगायचं. तुमचं आणि तिचं काय ठरलं होतं?"

मुळीकनं जुडीकडं बघितलं आणि हसायला लागला. माझा चेहरा बघून त्याचं हसू आटलं.

"बसा, साहेब."

"उभ्यानं ऐकतो."

"पहिल्या खेपेला वहिनी आल्या, नुसत्या बघून गेल्या. दुसऱ्या खेपेला पिशवीतून तुमचा खाकी ड्रेस घेऊन आल्या. म्हणाल्या, ह्याच्यातला रस्त्याचा धुरळा निघतो का ते दाखवा. मागच्या अंगणात मशीन लावून धुऊन दाखवावा लागला मला. वीस वर्षं धंदा करतोय, असं गिऱ्हाईक पहिलंच."

मला तो ड्रेस आठवला. एका शुक्रवारी इतका स्वच्छ मिळाला होता की मी दरडावून विचारलं होतं, महागाचा साबण आणलास का?

"तिसऱ्या खेपेला बादली आणली," मुळीक सांगत होता. "म्हणाल्या, कोरेगावला आमच्या गल्लीत नळ तासभरच येतो. कुठलं मशीन किती बादल्या पाणी पितं ते मला मोजू दे. कंपनीच्या कागदावर लिहिलंय म्हटलं, तर म्हणाल्या, कागदावर माझा विश्वास नाही. पाच मशिनं, साहेब! बादल्या मोजून मोजून माझा नोकर दमला. त्या निळ्या झाकणाच्या मशीनला सगळ्यांत कमी लागल्या. पहिल्या धुण्याचं साबणाचं पाणी दुसऱ्या धुण्याला वापरता येतं, आणि शेवटचं काढून मोरी धुता येते. पिळतंय पण छान. म्हणाल्या, हेच. लेकीची दुपटी आषाढात ह्याच्यातच वाळतील."

"मग नावं का ठेवत होता तुम्ही त्याला?"

मुळीकनं चष्मा काढला आणि पुसत बसला. या वेळी मला दिसलं की तो खरोखरच अवघडला आहे.

"चौथ्या खेपेला त्यांनी मला शिकवलं. म्हणाल्या, आमचे हे येतील. मी ह्याला चांगलं म्हटलं तर घेणार नाहीत. तुम्ही चांगलं म्हटलं तर मुळीच घेणार नाहीत. तेव्हा हे खांबाआड ठेवा, ह्यांनी हात लावला की तोंड पाडा आणि नावं ठेवा. मी नाक मुरडते. मी म्हटलं, वहिनी, दुकानात उभं राहून मी स्वतःच्या मालाला नावं कशी ठेवू? जमायचं नाही मला. तर त्या म्हणाल्या..."

त्यानं चष्मा पुन्हा डोळ्यावर चढवला.

"बोला."

"म्हणाल्या, मी सत्तावीस वर्षं घरात तेच करतेय, तुम्हाला एक दिवस जमणार नाही? लेकीचं लग्नसुद्धा मी असंच जमवलंय."

मी बसलो. बसा म्हणायची वाट न बघता समोरच्या स्टुलावर बसलो.

उज्ज्वलाचं स्थळ आलं तेव्हा शालन म्हणाली होती, मला नाही पसंत, मुलगा सावळा आहे आणि गाव आडबाजूला आहे. मी म्हटलं, बाईची अक्कल रंगापुरती! आणि मी त्या गावात तीनदा न सांगता जाऊन आलो. शाळामास्तरला विचारलं, दूधसंघात विचारलं. पोरगा सोन्यासारखा निघाला. मग मी हट्टानं लग्न लावलं, आणि चार वर्षं चारचौघांत सांगत फिरलो, की हिचं ऐकलं असतं तर इतका चांगला जावई हातचा गेला असता. ती प्रत्येक वेळी मान खाली घालून वाढत राहायची.

घरासाठी घेतलेली जागा. उज्ज्वलाला नर्सिंगला घातली ते. आठवेल त्या प्रत्येक चांगल्या गोष्टीला शालन आधी नाही म्हणाली होती. मला स्वतःच्या हुशारीचा केवढा माज होता! त्या स्टुलावर बसून मला लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर त्याहून जास्त राग आला. हिनं मला सत्तावीस वर्षं खेळवलं. मी तसाच उठलो, गाडी पकडली, वाटेत काय काय बोलायचं ते सगळं मनात रचलं.

घरी आलो तेव्हा मशीन चालू होतं. शालन त्याच्यासमोर पाटावर बसून दुपट्यांच्या घड्या घालत होती. मी चपला न काढता आत गेलो आणि तिकिटांची जुडी तिच्यापुढं धरली.

तिनं जुडी बघितली. मग माझ्याकडं बघितलं.

तो चेहरा मी ओळखत होतो. गाडीत बिनतिकिटाचा माणूस पकडला की आधी खिसे चाचपतो, आत काही नाही हे माहीत असून चाचपतो, आणि मग वर बघतो. तसा तो चेहरा. सव्वीस वर्षांत मी हजारोंचा बघितला होता. त्याची मला कधी कीव आली नव्हती, कारण त्या लोकांनी काही तरी चोरलेलं असायचं. ह्या बाईनं काय चोरलं होतं? स्वतःच्या पैशानं तिकीट काढून ती लेकीच्या बाळाच्या लंगोटांसाठी बादल्या मोजायला गेली होती.

"मला विचारायचं होतंस," मी म्हणालो. जे रचून आणलं होतं त्यातलं एवढंच तोंडातून बाहेर आलं.

"विचारलं होतं," ती म्हणाली. तिनं हातातलं दुपटं मांडीवर ठेवलं. "तीन वर्षांपूर्वी विचारलं होतं. खांदा पहिल्यांदा धरला तेव्हा. सरळ म्हटलं होतं, एक मशीन घ्या, मला आता पिळवत नाही. आठवतंय तुम्ही काय म्हणालात?"

मला आठवत नव्हतं.

"तुम्ही म्हणालात, हे तुला कुणी शिकवलं?"

मशीन थांबलं. पिळायचा टब थोडा वेळ आपोआप गरगरत राहिला आणि मग तोही थांबला. शालन उठली नाही. मी काय करतो याची वाट बघत तशीच बसून राहिली, दुपटं मांडीवर घेऊन.

माझ्या हातात जुडी होती. मी रबर काढलं. का ते मला तेव्हाही कळलं नाही, पण मी एकेक तिकीट उजेडाला धरून बघितलं, गाडीत बघायचो तसं. कुठून चढली, कुठं उतरली, पंच कुठं मारलाय. आठही बघून झाल्यावर मी ती तिच्या हातात परत दिली.

"बरोबर आहेत," मी म्हणालो. "सगळी बरोबर आहेत."

ती तिकिटं मुठीत धरून रडली. टेम्पोत रडली असं मला वाटलं होतं तेव्हा ती हसत होती, हे तिनं मला पुष्कळ दिवसांनी सांगितलं. ह्या वेळी मात्र ती खरंच रडली, आणि मी चपला काढून तिच्याशेजारी खाली बसलो. मग टबातली दुपटी मी काढली. तिला हात वर करता येत नव्हता म्हणून दोरीवर मीच वाळत घातली. तोपर्यंत ते काम मी कधी केलं नव्हतं. ती मागनं सांगत होती, कडा झटकून घाला, चिमटा टोकाला लावा.

उज्ज्वला यायच्या आठवडाभर आधी आम्ही पाळणा बघायला गेलो. कोरेगावातच, बाजारपेठेत सुताराचं दुकान आहे तिथं. चार पाळणे टांगलेले होते. शालन सगळ्यांवरून हात फिरवत गेली आणि कडेच्या एका पाळण्यापाशी येऊन तिनं नाक मुरडलं.

"हा काही बरा नाही," ती म्हणाली.

म्हणून गेली आणि तिच्या लक्षात आलं. तिनं चटकन माझ्याकडं बघितलं. पुन्हा तोच चेहरा.

"शालन," मी म्हटलं, "नुसतं बोट दाखव."

"मला काय कळतंय त्यातलं..."

"बोट दाखव."

तिनं हात उचलला, पण बोट काही पुढं होईना. तिचे डोळे माझ्याच तोंडावर होते. मी काय म्हणतो, माझी भुवई कुठं जाते, ते ती बघत होती. इतक्या वर्षांची सवय, ती एका दिवसात कशी जाणार? मी तिथं उभा होतो तोवर तिला बोट दाखवता येणार नव्हतं.

तेव्हा मी पाठ फिरवली. दुकानाच्या दारात जाऊन रस्त्याकडं तोंड करून उभा राहिलो. साताऱ्याची गाडी चालली होती, सपकाळनं दारातून हात केला, मीही केला.

"हा घ्या," मागून शालनचा आवाज आला.

मी मागं न बघता खिशातून पैसे काढून दिले. पाळणा कसा होता तो मी घरी आल्यावरच पाहिला.